आजाराचा सातबारा अजून तुमच्याच नावावर आहे

पत्र: ताई, आम्ही आरमोरी तालुक्यातले. मी अंगणवाडी सेविका आहे. माझा मुलगा १८ वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा, लाल कार्डवाला म्हणजे रुग्ण, नुसता वाहक नाही. दीड वर्षाचा असताना हातापायाची बोटं सुजली, तेव्हा कळलं. तेव्हापासून गोळ्या, तपासण्या, दवाखान्याच्या फेऱ्या सगळं मीच पाहते. गेल्या वर्षी दोनदा भरती करावं लागलं. आता बारावी झाला, नागपूरला बीसीए करायचं, वसतिगृहात राहायचं म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, इथेच बी.ए. कर. परवा गादी उचलली तर खाली स्ट्रिपा निघाल्या, अकरा कॅप्सूल न घेतलेल्या. विचारलं तर म्हणतो, "मले काहीच नाही झालं." वसतिगृहात आजाराचं कोणालाच सांगायचं नाही, ही त्याची अट आहे. मी नागपुरात खोली करून त्याच्याजवळ राहू का? की पाठवूच नको? आणि पाठवलं तर सोबत काय काय देऊ?
– एक आई

ताई,

पाठवा. आणि नागपुरात खोली करू नका.

दोन्ही एका दमात सांगितलं खरं, पण वसतिगृह सुरू होईपर्यंत तुमच्या हातात जे दोन-अडीच महिने आहेत, त्यात काम भरपूर आहे. आणि ते एकट्या मुलाचं नाही.

मी बरीच वर्षं सिकलसेलच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसले. तिथं रोज दिसणारं एक दृश्य सांगते. दारातून आधी पिशवी येते, कापड दुकानाचं नाव छापलेली, बंद तुटलेली, आत फाइल आणि दहा वर्षांचे रिपोर्ट. मग पिशवी धरलेली आई. तिच्यामागे मिसरूड फुटलेला पोरगा, नजर मोबाइलमध्ये. डॉक्टर विचारतात, "गोळ्या कोणत्या चालू आहेत रे?" पोरगा आईकडे पाहतो. "मागचं रक्त कधी चढवलं?" पुन्हा आईकडे. "दुखतं कुठं?" तर तेही आईच सांगते, "याच्या कमरेत दुखते जी." कंबर त्याची, आणि उत्तर आईचं! एकदा बावीस वर्षांच्या एकाला मी रक्तगट विचारला, तर त्याने घरी फोन लावला.

ही आई चुकते असं मला म्हणायचं नाही. तिच्यामुळेच तो बावीस वर्षांचा झालेला असतो. पण शेतीतलं तुम्हाला माहीत आहे. जमीन मुलगा कसतो, नांगर त्याचा, घाम त्याचा, पण सातबारा बापाच्या नावावर असेल तर बँकेत त्याला कोणी विचारत नाही, आणि मनातून त्यालाही ती आपली वाटत नाही. आजार तुमच्या मुलाच्या अंगात आहे, सातबारा तुमच्या नावावर आहे. आता फेरफार करायचा. आणि फेरफार काही एका दिवसात होत नाही. अर्ज द्या, नोटीस निघू द्या, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. अठरा पूर्ण झाले, आता तुझं तू बघ, म्हणून पिशवी त्याच्या हातात कोंबली तर आणखी दोनदा भरती ठरलेली.

आधी त्या अकरा कॅप्सूलबद्दल. ती हायड्रॉक्सीयुरिया असणार. तुम्हाला राग आला, रडूही आलं असेल. पण त्या पोराच्या बाजूनं एकदा बघा. दुखण्याची गोळी घेतली की दुखणं थांबतं, ते कळतं. ही कॅप्सूल घेतली तर काही होत नाही, आणि नाही घेतली तरी त्या दिवशी काही होत नाही. तिचं काम आतून, हळूहळू चालतं. पोटातल्या बाळाच्या रक्तात जे वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते ती पुन्हा वाढवते. त्यामुळे पेशी इळ्यासारख्या वाकायचं प्रमाण कमी होतं. फरक दिसायला काही महिने जातात. सोडली तर तो फरकही हळूहळूच ओसरतो, म्हणून पोराला वाटतं, पाहा, न घेताही मी ठीक आहे.

मला काळजी कॅप्सूलची कमी, लपवण्याची जास्त वाटते. का ते सांगते. पुढच्या वेळी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट पाहतील आणि म्हणतील, या मात्रेनं पुरेसा फायदा होत नाही, वाढवू. कारण त्यांच्या कागदावर तो रोज घेतोय. मग वसतिगृहात एखाद्या दिवशी भीतीनं तो वाढवलेली मात्रा खरोखर रोज घ्यायला लागला, तर पांढऱ्या पेशी खाली जाऊ शकतात. याच कारणासाठी या औषधावर ठरावीक अंतरानं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते. चुकवलेल्या कॅप्सूलपेक्षा खोटा हिशेब महागात पडतो तो असा. म्हणून त्याला "का नाही घेतल्या" असं विचारू नका. "आठवड्यात किती राहतात रे?" एवढंच विचारा, आणि तो जो आकडा सांगेल त्यावर तोंड वाकडं करू नका. चार म्हणाला तर चार. तोच आकडा त्याने स्वतः डॉक्टरांना सांगायचा. आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरून काढायची नाही, हेही त्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. तुमच्या तोंडून त्याने सगळं हजारदा ऐकलंय.

आता फेरफाराची पहिली पायरी. पुढच्या तपासणीला दोघं जा, पण तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. पिशवी त्याच्याकडे. आत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर त्याने तुम्हाला सांगायचं, उलट नाही. तो अर्धं विसरेल. विसरू द्या, परत आत जाऊन विचारू द्या. त्याच्या पुढच्या वेळी त्याने एकट्याने एसटीने जावं, सवलतीचा कागद स्वतः दाखवावा, रांगेत उभं राहावं, औषधं आणावीत. ही फेरी गाव सोडायच्या आधी एकदा तरी व्हायलाच हवी. नागपूरला पोचल्यावर पहिल्यांदा केस पेपर काढायला शिकणं, तेही कळा सुरू असताना, ही त्याची परीक्षा घेण्याची पद्धत नव्हे.

तोंडपाठ असावं असं फार नाही, पण जे आहे ते पक्कं हवं. आपला पॅटर्न एसएस आहे, म्हणजे आपण वाहक नाही, रुग्ण आहोत, हे. रक्तगट. आजवर कितीदा रक्त चढवलं आणि कधी काही त्रास झाला का. आणि सर्वांत महत्त्वाचं, बरं असताना आपलं हिमोग्लोबिन किती असतं. यावर थोडं थांबते. एसएस माणसाचं हिमोग्लोबिन बरं असतानाही बऱ्याचदा सात ते नऊच्या घरात असतं. तुमच्या गावच्या नर्सबाईला ते माहीत आहे, पण नागपुरात एखाद्या नव्या डॉक्टरनं साडेसात पाहिलं की तो घाबरतो, रक्त लावायची घाई करतो, नाहीतर लोहाच्या गोळ्या लिहून मोकळा होतो. यांच्या शरीरात लोहाची कमतरता असेलच असं नसतं, आणि रक्त उगाच चढवलं तर फायद्याऐवजी नुकसान होऊ शकतं. अशा वेळी "साहेब, माझं नेहमीच साडेसात असतं, माझ्या सिकलसेलच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या" हे वाक्य म्हणता आलं पाहिजे. आईविना. घरी म्हणून बघा, तुम्ही डॉक्टर व्हा. हसाल दोघंही, पण करा.

दुखणं उठतं तेव्हाचंही तसंच. पाणी, ऊब, विश्रांती आणि लिहून दिलेली गोळी हे त्याला येतं. बर्फानं शेकायचं नाही हे खोलीतल्या मित्रालाही सांगून ठेवावं, कारण क्रिकेट खेळणारी पोरं काहीही दुखलं की बर्फच आणतात. पण गोळीनं न थांबणारं दुखणं घेऊन रात्री बारा वाजता एकटा तरुण पोरगा दवाखान्यात पोचतो, "मला मोठं इंजेक्शन लागतं" म्हणतो, तेव्हा समोरच्याला काय वाटतं? नशेडी. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका मोठ्या दवाखान्यात असाच एक मुलगा तीन तास बाकावर वाकून बसला होता, आणि ड्यूटीवरची मंडळी त्याच्या हातावर सुयांच्या खुणा शोधत होती. खुणा होत्याच, सलाईनच्या. तेव्हा आत्ताच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या. आजार कोणता, चालू औषधं कोणती, दुखणं उठल्यावर याला काय द्यावं लागतं, आणि फोन कोणाला करावा. एक प्रत पाकिटात, एक फोटो मोबाइलमध्ये. नागपूरला गेल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, बरा असतानाच, त्याने मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी एकात, जाऊन नाव नोंदवावं. ओळख असलेल्या दारात रात्री उभं राहणं वेगळं.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नसते. १०१ ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात उचलेनासा होणं. यात गोळी घेऊन झोपायचं नाही, "सकाळी बघू" नाही. तापात तर मुळीच नाही, यांच्यात जंतुसंसर्ग फार लवकर पसरतो.

आणि एक गोष्ट जी तुम्ही त्याला विचारू शकणार नाही आणि तो तुम्हाला सांगणार नाही. सिकलसेलच्या मुलांमध्ये कधी कधी लिंग ताठरतं, दुखतं आणि तासन् तास उतरत नाही. तिथंही रक्त अडकतं, गुडघ्यात अडकतं तसंच. पोरं लाजेपायी रात्र काढतात आणि पुढे कायमचं नुकसान होतं. दोन तासांच्या पुढे गेलं की दवाखाना, इतकं साधं आहे. हे त्याच्या बाबांनी बोलावं. ते म्हणतील, मी काय बोलू? तर डॉक्टरांना सांगा, तपासणीच्या वेळी एकट्याला घेऊन बोला. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं हे आणखी एक कारण.

आता "कोणालाच सांगायचं नाही" ही अट. मी त्यातली निम्मी मान्य करेन. आजार काही गावजेवणाचं आमंत्रण नाही, वर्गात जाहीर करायची गरज नाही. अठरा वर्षं "तो सिकलसेलवाला" म्हणून जगलेल्या पोराला चार महिने नुसताच पोरगा म्हणून जगावंसं वाटलं, तर त्यात काय चुकलं? पण दोघांना माहीत हवं, एक खोलीतला मित्र आणि एक गृहपाल. आणि ते त्यानेच सांगायचं. तुम्ही गृहपालांच्या केबिनमध्ये पदराने डोळे पुसत "माझ्या लेकराकडे लक्ष ठेवा जी" म्हणालात, की संध्याकाळपर्यंत मजलाभर बातमी आणि तो तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही. त्याला दोन वाक्यं तयार करून द्या, किंवा त्यानेच करावीत. "मला सिकलसेल आहे, चिकटत नाही. कधी अंग फार दुखलं किंवा ताप आला तर मला दवाखान्यात न्यायचं, कागद पाकिटात आहे." झालं. या आजारामुळे डोळे पिवळे दिसतात तेव्हा "कावीळ झाली का बे?" असं कोणीतरी विचारणारच. त्याचंही उत्तर याच वाक्यात आहे.

नागपूरचं हवामान त्याला गावापेक्षा जास्त छळेल. मे महिन्याची झळ सगळ्यांना कळते, पण खरा घोटाळा कूलरचा. वसतिगृहात चार पोरांत एक कूलर, आणि जागा मिळाली ती नेमकी त्याच्यासमोरची. रात्रभर ओला गार वारा अंगावर, पहाटे गुडघे धरले. पहिल्या दिवशीच खाट बदलून घ्यायची. डिसेंबरात थंड पाण्यानं आंघोळ नको, मग उशीर झाला तरी चालेल. आणि पाणी. दिवसाला तीन-चार लिटर प्यायचं म्हणजे तितक्यांदा लघवीला जायचं. यांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे इतरांपेक्षा जास्तच जावं लागतं. कॉलेजचं संडास घाण असेल तर पोरं पाणीच प्यायची बंद होतात. हे तुम्ही अंगणवाडीत बघितलं असेलच. त्याला विचारा, शाळेत असताना तू दुपारी पाणी प्यायचास का? उत्तर ऐकून दचकाल कदाचित.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर जाण्याआधी काढा. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे. त्यावर टक्केवारी लिहिलेली असते, आणि ४० किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. परीक्षेत जादा वेळ, मध्येच पाणी आणि लघवीची परवानगी हे सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज देऊन मागावं, पेपरच्या आदल्या दिवशी नाही. अर्ज त्याने लिहायचा.

फोनचं ठरवून टाका. दिवसातून सहा वेळा "पाणी प्यालास? गोळी घेतलीस?" विचारलं, तर सहाही वेळा "हो" येईल आणि त्या "हो"ला काही किंमत नसेल. रात्री एक फोन, त्यात आजाराचं नाव नाही. मेसमध्ये काय होतं, कोण भांडलं, एवढंच. रविवारी मात्र पाच मिनिटं हिशेब. किती कॅप्सूल राहिल्या, कुठं दुखलं, पुढची सीबीसी कधी. तो सांगेल, तुम्ही ऐकायचं. फेरफार झाल्यावरही बाप शेतात जातोच ना, तेवढं जायचं.

हो, आणि दिवाळीला घरी येईल तेव्हा मच्छरदाणीत झोपवा. आपल्याकडे एक समज पक्का आहे की सिकलसेलवाल्याला मलेरिया धरत नाही. तो फायदा पिवळ्या कार्डवाल्या वाहकांना, म्हणजे तुम्हा दोघांना. लाल कार्डवाल्याला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा वाईट होतो. गडचिरोलीच्या पावसात हे विसरून चालत नाही.

त्याच्या बाबांना एक गोष्ट सांगा. रक्तातल्या या इळ्यासारख्या पेशींची वैद्यकशास्त्रात पहिली नोंद ज्याच्या नावावर आहे, तो घर सोडून शिकायला गेलेला पोरगाच होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा. १९०४ साली, विशीत, तो दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला. तिथल्या थंडीत आजारी पडून दवाखान्यात आला, तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली त्या विचित्र पेशी दिसल्या, आणि १९१० मध्ये जेम्स हेरिक यांनी ते छापलं. पुढे तो पुन्हा पुन्हा आजारी पडला, पण शिक्षण पूर्ण केलं, बेटावर परतला आणि दात काढण्याचा दवाखाना थाटला. पुढचंही लपवत नाही. १९१६ मध्ये, ३२ व्या वर्षी, छातीच्या आजारानं तो गेला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, हायड्रॉक्सीयुरिया नव्हती, आपल्याला काय झालंय हे नीट समजावून सांगणारंही कोणी नव्हतं. तुमच्या मुलाकडे या तिन्ही गोष्टी आहेत. आणि खरं सांगू? इथं बी.ए. केलं तरी १०१ ताप येणारच आहे. तिथं निदान मोठा दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असेल, इथून रात्री गाडी शोधण्यात किती वेळ जातो ते तुम्ही गेल्या वर्षी दोनदा पाहिलंत.

तुम्ही खोली का करू नये, तेही सांगते. तुमची नोकरी जाईल हा एक भाग झाला. दुसरा असा की तुम्ही त्याच्या उशाशी असाल तोवर ओपीडीत तो तुमच्याकडेच बघत राहील. पहिला महिना तुम्हाला झोप लागणार नाही. एखादा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, येईलही, आणि तुम्ही पोचेपर्यंत ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत एसटी रडवेल. तोवर खोलीतल्या मित्रानं त्याला भरती केलेलं असेल. तसं झालं तर घाबरून त्याला परत आणू नका. उपचार मिळाले, वेळेत मिळाले, म्हणजे व्यवस्था चालली.

सोबत काय द्यायचं? आकडे स्पष्ट दिसणारा थर्मामीटर. लिटरच्या दोन बाटल्या, एक कॉलेजची, एक उशाशी ठेवायची. गरम पाण्याची पिशवी. तुमची जुनी लुगडी घालून शिवलेली गोधडी असेल तर ती, कूलरपुढं ब्लँकेट टिकत नाही. फाइलसाठी बंद असलेली नवी पिशवी, तिच्यावर दुकानाचं नाव नसलं तर बरं. चिवडा-लाडू तुम्ही भराल, ते मी सांगून थांबणार नाही. फक्त कॅप्सूलच्या स्ट्रिपा तुम्ही भरू नका. निघायच्या आदल्या रात्री त्या खाटेवर ठेवा आणि स्वयंपाकघरात जा. त्याला मोजू द्या.